सुलभ पटल

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, सन्मती मगदूमच्या फोनवर पहिली तक्रार आली ती अशी होती: ‘पॅनलवर सगळी फंक्शन दिसत नाहीत. स्टेपल, दोन्ही बाजूंची प्रत आणि फोल्डरमध्ये स्कॅन, तिन्ही गायब.’ खाली सांगलीतल्या एका खासगी तंत्रनिकेतनाच्या परीक्षा विभागाचा पत्ता होता आणि तक्रार करणाराचं नाव होतं, प. भ. चौगुले.

सन्मतीला हसू आलं. पद्मजा भरत चौगुले म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, अक्का. आदल्याच दिवशी, रविवारी, तो तिच्याकडं जेवून आला होता. तेव्हा तिनं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. ऑफिसचं काम ऑफिसच्या वाटेनंच जायला पाहिजे, असा तिचा खाक्या होता.

सन्मती एकोणीस वर्षं ही यंत्रं दुरुस्त करत होता. कागद संपणार, कागद संपणार, असं तो शिकाऊ होता तेव्हापासून लोक म्हणत आले होते. कागद कमी झाला, पण संपला नाही. प्रत्येक ऑफिसच्या कोपऱ्यात छापणारं, प्रत काढणारं, स्कॅन करणारं आणि स्कॅन केलेलं जिथल्या तिथं पाठवणारं एक मोठं यंत्र अजून उभं असायचंच. आणि ‘फंक्शन दिसत नाहीत’ ही तक्रार महिन्यातून दहा-पंधरा वेळा यायची. तिची कारणं दोनच असत. संगणकावर पर्याय दिसत नसेल तर ड्रायव्हरला, म्हणजे संगणकातून यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, यंत्रात काय काय बसवलंय हे कळलेलं नसतं. तो बिचारा स्टेपलर नाहीच असं धरून चालतो. आणि यंत्राच्या पॅनलवर दिसत नसेल तर कोणीतरी परवानग्यांमध्ये हात घातलेला असतो. वीस मिनिटांचं काम.

अकरा वाजता तो परीक्षा विभागात पोचला. अक्का यंत्राशेजारीच उभी होती. बावन्न वर्षांची, अंगानं किरकोळ, चष्मा साखळीला अडकवलेला.

“बघ की,” ती म्हणाली आणि पॅनलवर आपला नंबर टाकला. पडद्यावर चार मोठी बटणं आली. प्रत, छपाई, स्कॅन, मदत. बाकी काही नाही.

“आता तू टाक शबाना,” अक्का म्हणाली.

शबाना मुल्ला ही अक्काची हाताखालची लिपिक, सहा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. तिनं नंबर टाकला. तीच यादी, पण पूर्ण. स्टेपल, दोन्ही बाजू, फोल्डर, सगळं जागच्या जागी.

“बघा साहेब, मॅडमवर यंत्राचा राग आहे,” शबाना म्हणाली.

सन्मतीनं दोघींच्या परवानग्या ताडून पाहिल्या. शब्दन् शब्द सारख्या होत्या. त्यानं अक्काचं खातं काढून टाकलं आणि नवं तयार केलं. अक्कानं नंबर टाकला. सगळी फंक्शन परत आली.

“एवढंच होतं?”

“एवढंच. खातं बिघडलं होतं.”

तिनं त्याला चहा पाजला आणि लगेच कामाला लागली. उन्हाळी परीक्षेचे निकाल लागायचे होते.

चौथ्या दिवशी तीच तक्रार परत आली.

या वेळी सन्मतीनं अक्काला जागेवरून उठवलंच नाही. लॅपटॉप जोडून तो यंत्राची नोंदवही वाचत बसला. खातं नवं, परवानग्या पूर्ण, आणि तरीही गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला एक ओळ पडली होती. ‘सुलभ पटल सुरू. कारण: स्पर्श गट चार.’ ही ओळ त्यानं आजवर कधी पाहिली नव्हती. तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि कंपनीच्या पुण्यातल्या तांत्रिक कक्षाला फोन लावला.

फोनवर ऋजुता नावाची मुलगी होती. तिनं छान समजावून सांगितलं.

मार्चमध्ये सगळ्या यंत्रांना जे नवं सॉफ्टवेअर गेलं, त्यात ही सोय होती. पॅनलची काच बोटाचा दाब आणि जागा सेकंदाला अडीचशे वेळा मोजते. ती आधीपासूनच मोजत होती, नाहीतर बोट कुठं टेकलं हे तिला कळणारच नाही. फक्त मोजलेलं पुढं फेकून दिलं जायचं. आता ते फेकलं जात नाही. कुणाचंच बोट दगडासारखं स्थिर नसतं. निरोगी हातही सेकंदाला आठ-दहा वेळा इतका बारीक थरथरतो की डोळ्याला दिसत नाही. कुणाचा दाब एका बाजूला जातो, कुणाचं बोट उशिरा उचललं जातं, कुणी बटण शोधत काचेवर टेकून राहतो. लाखो लोकांच्या अशा स्पर्शांवरून कंपनीनं सहा गट पाडले होते. ज्यांना बारीक बटणं जड जातात त्यांच्यासमोर पॅनल आपोआप सोपं होतं. कमी बटणं, मोठी बटणं.

“म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठी,” सन्मती म्हणाला.

“म्हातारी माणसं, दुखापत झालेले, ज्यांना कमी दिसतं ते. हो सर.”

“गट चार काय आहे?”

ऋजुतानं वाचून दाखवलं. “बोट उचलायला लागणारा वेळ वाढता. लागोपाठच्या स्पर्शांत हालचाल लहान होत जाते. बोट स्वस्थ टेकलेलं असताना सेकंदाला चार ते सहा वेळा कंप. उजवी बाजू डावीपेक्षा जास्त.”

“याला काय म्हणतात?”

“आम्ही वैद्यकीय काही म्हणत नाही सर. तशा सूचना आहेत. आपण फक्त बटणं मोठी करतो.”

सन्मतीला पुढं विचारायची गरज नव्हती. त्याचे आणि अक्काचे वडील, आण्णा, कंपवातानं गेले होते. नऊ वर्षं. शेवटची चार वर्षं त्यांना घास भरवावा लागे आणि तो अक्का भरवायची. त्यांच्या मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आण्णांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टकटक आपटायला सांगितलं होतं. आपटता आपटता दोन बोटांमधलं अंतर कमी कमी होत गेलं होतं. सन्मती तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि खुर्चीमागं उभा राहून बघत होता.

“हे किती खात्रीचं असतं?” त्यानं विचारलं.

“गट चारमध्ये शंभरातले बाहत्तर बरोबर निघतात. पण सर, हे तुम्ही ग्राहकाला…”

“नाही सांगत.”

फोन ठेवल्यावर तो व्हरांड्यात उभा राहिला. खाली मैदानात मुलं व्हॉलीबॉलची जाळी बांधत होती. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. काही वाटत नव्हतं. इंजेक्शन दिलेल्या हिरडीला जीभ लागावी तसं झालं होतं, जागा कळत होती पण आपली वाटत नव्हती.

तो आत गेला. इंजिनिअरच्या संकेतशब्दानं यंत्राचा मागचा मेनू उघडला. ‘सुलभ पटल’ एका माणसापुरतं कायमचं बंद करता येत होतं. त्यानं अक्काच्या नावापुढं खूण केली.

“सापडलं?” अक्कानं मान वर न करता विचारलं.

“हो. एक सेटिंग होतं.”

“आता परत नाही ना जायची बटणं?”

“नाही जायची.”

फॉर्मवर त्यानं लिहिलं, ‘सेटिंग बदललं. ग्राहक समाधानी.’ अक्कानं खाली सही केली. सही नेहमीपेक्षा बारीक होती. तो ती बघत राहिला, मग त्यानं फॉर्म बॅगेत टाकला.

आज नको, रविवारी सांगू, असं त्यानं ठरवलं. रविवारी अक्कानं कटाची आमटी केली होती आणि दाजी, म्हणजे तिचे यजमान, भांड्यांच्या दुकानातले किस्से सांगून हसवत होते. त्यानं सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तिची सून पुण्याहून आली होती. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं स्वतःशीच हिशेब मांडला की शंभरातले अठ्ठावीस चूक निघतात. अठ्ठावीस म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.

तिच्याकडं जैन रिवाजाप्रमाणं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचं. पाच-साडेपाचच्या उजेडात तो तिचे हात बघत बसायचा. ती पोळी लाटताना ठीक असायची. पोळी तव्यावर टाकून वाट बघत उभी राहिली की उजव्या हाताचा अंगठा पदराशी हळूहळू हलायचा. चालताना डावा हात हलायचा, उजवा अंगाला चिकटून राहायचा. एकदा ती म्हणाली, “काय रे, एवढं काय बघतोस?” तो म्हणाला, “काही नाही, दमलोय.” बायकोलाही त्यानं काही सांगितलं नाही. तो तक्रारी घ्यायचा, रोलर बदलायचा, जेवायचा, झोपायचा. त्याला झोप चांगली लागायची, याचंच त्याला नवल वाटे.

सप्टेंबरपर्यंत ही गोष्ट कंपनीच्या हातात राहिली नाही. लोकांना यंत्राची भाषा कळायला वेळ लागत नाही. कोल्हापूरच्या एका ऑफिसात एका अधिकाऱ्याचं पॅनल सोपं झालं आणि दोन महिन्यांनी त्याला डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. ते व्हॉट्सअॅपवर फिरलं. मग लोक यंत्राजवळ एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. ‘चार बटणवाले’ असा शब्दच निघाला. इस्लामपूरच्या एका शाखेत सन्मतीनं पाहिलं, एक साहेब प्रत काढायला शिपायाला पाठवत होते आणि स्वतः यंत्राच्या दहा फुटांत जात नव्हते. कोणी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बटणं दाबे, कोणी डाव्या हातानं. सन्मतीकडं नव्याच तक्रारी येऊ लागल्या. ‘सगळी फंक्शन दिसतात, पण दिसत राहतील का?’

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तंत्रनिकेतनाचे कार्यालय अधीक्षक घोरपडे यांनी त्याला बोलावलं. घोरपडे वाईट माणूस नव्हते. ते फक्त घाबरट होते.

“हिवाळी परीक्षा तोंडावर आहे,” ते म्हणाले. “गोपनीय काम. एखादा गुण इकडचा तिकडं झाला तर माझ्यावर येतं. तुमच्या यंत्रात अशी यादी निघते म्हणे, कुणाकुणाचं पॅनल सोपं झालंय त्याची.”

“निघते. पण त्यावरून काही ठरवता येत नाही साहेब.”

“मी कुठं काय ठरवतोय? नुसती कामाची फेरवाटणी. यादी ग्राहकाला द्यायची असते ना? मी तुमच्या कंपनीला विचारलंय.”

कंपनीनं ‘हो’ म्हटलं होतं. सन्मतीनं यादी काढली. दोनच नावं होती. वर्कशॉपचे इंगवले सर, ज्यांच्या तर्जनीचं पेर लेथवर गेलं होतं, गट दोन. आणि शबाना मुल्ला, जिची बटणं ऑगस्टच्या नव्या सॉफ्टवेअरनंतर गेली होती, तीही गट दोन. ज्यांना त्यानं सूट दिली होती ती माणसं या यादीत येत नसत.

गट दोन म्हणजे जुनी दुखापत, एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. पण ते वाक्य बोललं की घोरपडे बाकीचे गट विचारणार होते, चार म्हणजे काय ते विचारणार होते, आणि बोलता बोलता जूनमधली दुरुस्तीही निघाली असती. त्यानं कागद टेबलावर ठेवला. घोरपड्यांनी तो दुमडून खिशात घातला.

शबानाची बदली त्याच आठवड्यात भांडार विभागात झाली, तळमजल्यावर, वह्या आणि खडू मोजायला. गुणपत्रिकांचं काम तिच्याकडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला. ऑफिसच्या वेळात ती कधीच फोन करत नसे. “इथं ये,” एवढंच म्हणाली.

परीक्षा विभागात ती एकटी होती. शबानाचं टेबल रिकामं होतं. तिच्या खुर्चीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले होते.

“मी घोरपडे सरांशी भांडून आले,” अक्का म्हणाली. “शबानाचं बोट शाळेत असताना दारात सापडलं होतं, वाकडंच जुळलंय. मी सांगितलं त्यांना. ते म्हणतात, यंत्राच्या यादीत नाव आहे. बैस.”

तो बसला.

“मग मी विचार करत बसले. जूनमध्ये माझी बटणं गेली होती. दोनदा. तेव्हा शबानाची सगळी होती. आता तिचं नाव आहे आणि माझं नाही. असं कसं?”

सन्मतीनं टेबलाच्या कडेकडं बघितलं.

“तू म्हणालास सेटिंग होतं. कसलं सेटिंग?”

“तुझ्यापुरतं ते बंद केलं मी.”

“का?”

त्यानं बॅग मांडीवर ओढून घेतली.

“शबाना गट दोन आहे. कागदावर लिहिलंय. मी कितव्या गटात?”

“चार.”

“चार म्हणजे?”

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईपर्यंत सन्मती थांबला. मग म्हणाला, “आण्णांसारखं.”

अक्कानं चष्मा काढला. उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली, जणू तो कोणी ठेवून गेलेली वस्तू होता. हात थोडा वेळ स्वस्थ होता. मग अंगठा हलायला लागला.

“मला वाटलं, दमणूक आहे,” ती म्हणाली. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“जूनपासून.”

“जून, जुलै, ऑगस्ट…” ती बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली. “दर रविवारी येत होतास तू.”

“हो.”

“जेवत होतास.”

“अक्का, शंभरातले अठ्ठावीस चुकीचे निघतात. मला वाटलं…”

“काय वाटलं?”

त्याला खरंच आठवेना काय वाटलं होतं. “काहीच वाटलं नाही,” तो म्हणाला. “मी बघत होतो. मला काही वाटतच नव्हतं.”

यावर ती ओरडेल असं त्याला वाटलं. लहानपणी ती ओरडायची तशी. ती ओरडली नाही.

“माझ्यासाठी लपवलंस, ते मी समजून घेईन एक वेळ,” ती म्हणाली. “पण शबानाला खाली बसवलं तेव्हा तू तिथं होतास. एक वाक्य बोलायचं होतं. तिच्या घरी धाकटी दोन भावंडं तिच्या जिवावर शिकताहेत. तिचं लग्न ठरायचंय. लोक काय म्हणत असतील तिला?”

“चुकलं.”

“ते सेटिंग काढ.”

“अक्का…”

“काढ. आणि यादी परत छाप.”

त्यानं काढलं. नवी यादी छापली. तिचं नाव सर्वांत वर आलं, वर्णमालेप्रमाणे नव्हे तर गटाप्रमाणे. अक्कानं कागद घेतला, साडीचा पदर नीट केला आणि घोरपड्यांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. सन्मतीला बाहेरून सगळं ऐकू आलं.

“सर, ही खरी यादी. सत्तावीस वर्षं गुणपत्रिका मी तपासते. आता मला कुठं बसवताय ते सांगा.”

घोरपड्यांनी कागद वाचला. “चौगुले मॅडम, तुमचं… मला माहीत नव्हतं.”

“मलाही नव्हतं. तासाभरापूर्वीपर्यंत. त्या तासाआधी मी जे काम केलं ते बरोबर आहे की चूक, हे तुम्ही तपासून घ्या. शबानाचंही तपासा. चूक सापडली तर दोघींना खाली पाठवा.”

“तसं नाही मॅडम, परीक्षा तोंडावर…”

“म्हणूनच म्हणते.”

शेवटी घोरपडे म्हणाले की ते प्राचार्यांशी बोलतील. ते बोलले की नाही हे कळलं नाही. पण परीक्षेला नऊ दिवस उरले होते, बैठक क्रमांक छापून व्हायचे होते आणि ते काम दोघींशिवाय कोणाला येत नव्हतं. पाचव्या दिवशी शबाना तोंडी हुकमावर परत आपल्या टेबलावर आली. लेखी काही निघालं नाही. ती सन्मतीशी बोलेनाशी झाली. यंत्राचं काही असेल तर चिठ्ठी लिहून ठेवायची.

अक्का रोज चार बटणांवर काम करत राहिली. शबानाचीही चारच होती, तरी दोन्ही बाजूंची प्रत लागली की तीच उठून कागद उलटून पुन्हा यंत्रात घालून द्यायची.

त्या रविवारी सन्मती जेवायला गेला नाही. त्याला कोणी बोलावलंही नाही.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी तो तासगावच्या एका पतसंस्थेत यंत्राचं मागचं झाकण उघडून बसला होता, तेव्हा दाजींचा फोन आला.

“मिरजेला दाखवून आलो,” दाजी म्हणाले. “तेच आहे. गोळ्या सुरू केल्यात. रोज तासभर भरभर चालायला सांगितलंय. व्यायाम लिहून दिलेत.”

“बरं.”

“डॉक्टर म्हणाले, हल्ली खूप वर्षं चांगली जातात. आण्णांच्या वेळचं आता राहिलं नाही.”

“बरं,” सन्मती म्हणाला. मग जे विचारायचं होतं ते त्यानं विचारलं. “दाजी, जूनमध्ये गेलो असतो तर काही फरक पडला असता का? डॉक्टर काही बोलले?”

दाजींच्या मागं दुकानात भांडी एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता.

“मी विचारणार होतो,” ते म्हणाले. “तोंड उघडलं होतं मी. तर तिनं टेबलाखालून माझं मनगट धरलं. घट्ट. डॉक्टरांनी विचारलं, अजून काही शंका? ती म्हणाली, नाही. उठून बाहेर येईपर्यंत मनगट सोडलं नाही.”

“का?”

“ते तू तिला विचार. मला नाही सांगितलं.” मग ते म्हणाले, “रविवारी ये. तिनं सांगितलं नाही, मी सांगतोय. आलास तर ती हाकलणार नाही, एवढं मला माहीत आहे.”

“येतो.”

फोन बंद झाला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “झालं का हो?”

“अजून नाही,” सन्मती म्हणाला.

हात कोपरापर्यंत टोनरनं काळे झाले होते, त्यामुळं डोळ्यांना हात लावता येत नव्हता. लावायची गरजही नव्हती. ते कोरडेच होते. त्यानं दुसरा स्क्रू सैल केला आणि झाकणात ठेवला.